नाकाचं मूळ

आमच्या मेहुण्याने विमानाचं नाक विकत घेतलं. अख्खं विमान नव्हे, नुसतं नाक. म्हणजे पायलट बसतात तो भाग आणि त्यामागचा एक दरवाजा, बस्स.

त्याचं होटगी रोडला गार्डन हॉटेल आहे. आमच्या सोलापूरच्या विमानतळाच्या वाटेत वर्षानुवर्षं साखर कारखान्याची चिमणी आडवी होती. (चिऊताईनं विमान अडवल्याची गोष्ट आमच्याकडेच घडू शकते.) २०२३ साली ती चिमणी पाडली, २०२५ साली गोव्याचं विमान उडू लागलं आणि त्याची घरघर ऐकून मेहुण्याच्या डोक्यात ही कल्पना शिरली. भंगारवाला म्हणाला, "जंबोचं नाक आहे मालक. ह्यातनं पंतप्रधान फिरलेत." मेहुण्याने भावसुद्धा केला नाही. घरी दहा रुपयांच्या कोथिंबिरीवर अर्धा तास घासाघीस करणारा माणूस!

ट्रेलरवरून नाक उतरलं, बागेत पेव्हर ब्लॉकवर बसलं, वहिनींनी त्याला लिंबू-मिरची बांधली. मग गिऱ्हाईकं विचारू लागली, कुठलं विमान? कधीचं? शेजारी बोर्ड लावायचा ठरला. पेंटर ब्रश घेऊन बसला, तोही रोजावर.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "तुम्ही तीस वर्षं आरटीओत काढलीत. ह्याचा चेसिस नंबर तेवढा काढा की."

मी फुशारलो. निवृत्तीनंतर माझ्या नोकरीबद्दल इतक्या आदराने कुणी बोललं नव्हतं. शिवाय तत्त्व तेच होतं. शेपटीजवळ लिहितात तो नोंदणीचा नंबर, मालक बदलला की बदलू शकतो. आपल्या विमानांचा व्हीटी अक्षरांनी सुरू होतो. ("व्हीटी म्हणजे सिद्धेश्वर एक्सप्रेस जाते ते?" मेहुणा.) पण कारखान्याने दिलेला अनुक्रमांक जन्मभर तोच. तो एका धातूच्या पाटीवर कोरतात आणि पाटी अशी, की विमान जळालं तरी ती उरावी.

आमचं विमान जळालं नव्हतं, तरी पाटी उरली नव्हती. दाराच्या चौकटीपाशी स्क्रूची चार भोकं तेवढी होती. असल्या पाट्या जमवणारे शौकीन असतात म्हणे. एखादा आमच्या आधी येऊन गेला असावा.

मग नुसत्या नाकावरून ओळख पटवायची ठरली. इथे बोइंगवाल्यांनी घोळ करून ठेवलाय. ७०७, ७२७, ७३७, तिघांच्या नाकाची ठेवण एकच! सख्खे भाऊ, आत्याबाईवर गेलेले. जुन्यांच्या पुढच्या काचांवर भुवयांसारख्या छोट्या खिडक्याही असायच्या. आमच्या नाकाला भुवया होत्या, म्हणजे म्हातारं होतं एवढं नक्की. शेवटी आत शिरून मी दोन्ही खुर्च्यांच्या मधला ठोकळा तपासला. इंजिनाचे दांडे कुणीतरी उपटून नेले होते, पण खाचा शिल्लक होत्या. ७०७ ला चार, ७२७ ला तीन, ७३७ ला दोन. मी मोजल्या. पुन्हा मोजल्या. दोन.

"जंबो नाही," मी म्हणालो. "जंबोला चार लागतात."

"दोन बुजल्या असतील," मेहुणा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन बाहेरून घासायला बसलो. वरचा पांढरा गेला, खाली निळा लागला. निळ्याखाली नारिंगी. त्याखाली पिवळट हिरवं अस्तर. पेंटर विडी बाजूला ठेवून म्हणाला, "दाजी, ह्याची तीन लग्नं झाल्याली दिसत्यात."

तिसऱ्या दिवशी पायलटच्या समोरच्या पत्र्यावर एक इवलीशी पट्टी सापडली, तिच्यावर इंग्रजी चार अक्षरं. मी ओरडलोच. हा सेलकॉल! समुद्रावरून जाताना रेडिओ सारखा खरखरतो, तो तासन्तास कानाला लावून कोण बसणार? म्हणून जमिनीवरून चार ठरावीक सूर सोडतात आणि ज्याचे ते सूर, त्याच विमानात घंटी वाजते. माझा आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. जुन्या पद्धतीत एकूण सूर सोळा, त्यांच्या जोड्या लावून कोड व्हायचे १०,९२०. विमानं त्याहून जास्त. म्हणून एकच कोड अनेकांना द्यायचे.

मेहुण्याला हे एका झटक्यात कळलं. "आपल्या गल्लीत सिद्धाराम म्हणून हाक मारली की तिघं ओ देतात, तसं."

चौथ्या दिवशी उजवीकडचा पत्रा सोडवला. मागे शिसपेन्सिलीने लिहिलेला आकडा! डावीकडचा सोडवला. तिथेही आकडा. वेगळा. वर्कशॉपमध्ये एका विमानाचा पत्रा दुसऱ्याला बसवतात, दारही बसवतात, म्हणून असं होतं. माझ्या आरटीओच्या भाषेत हे नाक थेट जप्तीला पात्र होतं. कंबर धरली, नखांत तीन कंपन्यांचे रंग, आणि बोर्ड कोरा. पेंटरचा रोज चालूच.

नेमका त्याच आठवड्यात हेळवी आला. आमच्या भागातल्या घराण्यांच्या पिढ्यान् पिढ्या ह्यांच्या पोथ्यांत असतात. पूर्वी बैलावरून येत, हा मोटारसायकलवरून आला. मेहुण्याचे आजे-पणजे घडाघडा म्हणून झाले, ज्वारीचं पोतं गाडीला बांधून झालं. मग मेहुणा त्याला बागेत घेऊन गेला.

हेळव्याने नाकाला एक फेरी मारली.

"मूळ गाव?"

"बहुतेक रेंटन," मी म्हणालो. "अमेरिका. तळ्याकाठी आहे, सोलापूरसारखंच."

"घराणं?"

"बोइंग."

"भाऊबंद?"

"थोरले दोन. सातशे सात, सातशे सत्तावीस."

"जन्म?"

"घराण्यातलं पहिलं सातशे सदतीस एप्रिल १९६७ मध्ये उडालं. हे त्याच्या नंतरचं. पण नंबर दोन निघालेत. डावीकडे एक, उजवीकडे एक."

हेळव्याने मान डोलावली. त्याला काहीच नवल वाटलं नाही.

"दत्तक असंल," तो म्हणाला आणि पोथी उघडली. "दत्तकाची नोंद घालतो. त्याचं पोतं निराळं."