‘३ टीबी सांगून दीडच दिलं’: एक तारा देणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्याकडून घेतलेल्या वापरलेल्या एलटीओ-५ ड्राइव्हबद्दल (कार्ट्रिजमधल्या, म्हणजे डबीतल्या, टेपवर डेटा साठवणारं यंत्र; ५ म्हणजे पाचवी पिढी) तुमच्या तीन तक्रारी आहेत: ३ टीबीच्या कार्ट्रिजवर १.५ टीबीच मावलं, जुन्या एलटीओ-३ कार्ट्रिजवर लिहिता येत नाही आणि वेग सेकंदाला २२ एमबीच्या वर जात नाही, टेप सारखी मागेपुढे होते.

पहिल्या दोन तक्रारी मान्य. ३ टीबी हा आकडा डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) निम्मा होईल असं धरून छापतात. फोटो-व्हिडिओ मुळातच दाबलेले असतात, ते आणखी आकसत नाहीत. आम्हीही तोच आकडा ठळक छापला होता, आता १.५ केला आहे. ‘जुन्या कार्ट्रिज चालतात’ हेही अर्धवट होतं. एलटीओ-५ ड्राइव्ह एलटीओ-४ वर लिहितो, एलटीओ-३ फक्त वाचतो.

वेगाचं दुखणं मात्र बहुधा ड्राइव्हमध्ये नाही. त्याला सेकंदाला १४० एमबी लागतात. पुरवठा कमी पडला तर तो थोडा हळू धावून जुळवून घेतो, पण २२ इतका खाली उतरू शकत नाही. मग बफर (लिहिण्याआधी डेटा जमा होतो ती मेमरी) रिकामा होतो. धावती टेप जागच्या जागी थांबत नाही, पुढे निघून जाते, मागे येते, पुन्हा वेग घेते. तुम्हाला ऐकू येतं ते हेच, आणि त्यात टेप आणि हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) दोन्ही झिजतात. हजारो बारीक फाइल्स थेट हार्ड डिस्कवरून पाठवल्या की हे होणारच. १.५ टीबी भरायला १४० च्या वेगाने ३ तास पुरतात, २२ च्या वेगाने १९ लागतात.

आधी एसएसडीवर शे-दोनशे जीबीचे टार (अनेक फाइल्स एकत्र बांधलेली एकच मोठी फाइल) बनवा आणि तेच टेपवर पाठवा. एसएसडीत जागा नसेल तर मध्ये एमबफर (डेटा मेमरीत साठवून मग पुढे पाठवणारा प्रोग्राम) लावा: ४ जीबी मेमरी द्या, ती ८० टक्के भरल्यावरच लिहायला सुरुवात करू द्या. टेप अर्धा मिनिट सलग धावेल, मग अडीच मिनिटं निवांत थांबेल. एकूण वेळ वाचणार नाही, ड्राइव्ह वाचेल.

आणि क्लीनिंग कार्ट्रिज आठवड्यात चारदा लावू नका हो! ती हेडला घासते. ड्राइव्हचा सफाईचा दिवा लागला तरच लावा.

आता एक चाचणी करा. ५० जीबीच्या आसपासची व्हिडिओ फाइल एसएसडीवर ठेवून टेपवर लिहा. नुसत्या शून्यांची फाइल घेऊ नका, ती दाबली जाते आणि वेग फुगून दिसतो. आकडा १३० च्या पुढे गेला तर ड्राइव्ह ठीक आहे. नव्या एलटीओ-५ कार्ट्रिजवरही १०० च्या खाली अडकला तर ड्राइव्ह परत पाठवा. पाठवणीचा खर्च आमचा, बदली ड्राइव्ह किंवा पूर्ण पैसे, तुम्ही म्हणाल ते.