ओटल्यावरची ओपन ऑफर

पुण्यात कट्टा असतो, आमच्या इंदुरात ओटला. आमचा रामबागेत आहे, अण्णांच्या घरासमोर. तीन पायऱ्या, वर कडप्प्याची फरशी. शाळेपासूनची आमची टोळी सहा जणांची, त्यातले चौघे गावात राहिलो: सीए, मास्तर, वकील आणि मी. (वकील म्हणजे टोळीतली एकटी बाई. तिला नावाने हाक मारली तर ती स्वतःच मागे वळून बघते.) अण्णा वयाने मोठे, ओटला त्यांचा, म्हणून तेही आमच्यातच. उरलेले दोघे, लंबू आणि चष्मा, नोकरीपायी बाहेर गेले. गेल्या रविवारचं सगळं भांडण त्या दोघांवरून झालं.

"काय भिया, लंबू आलाय," पोह्यांवर जीरावन भुरभुरत मास्तर म्हणाला. "आणि चष्मापण."

"एकाच गाडीने?"

मास्तर नुसता हसला.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. लंबू मुंबईच्या एका मोठ्या कंपनीत, दुसऱ्या कंपन्या विकत घेणाऱ्या टीममध्ये आहे. चष्मा पुण्याच्या एका मध्यम कंपनीत फायनान्सचा प्रमुख होता. दोन्ही कंपन्यांचं नाव इथे नको. दोन वर्षांपूर्वी लंबूच्या कंपनीने चष्म्याच्या कंपनीतल्या एका जुन्या गुंतवणूकदाराचा मोठा हिस्सा उचलला आणि ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या भागधारकांचेही शेअर ठरल्या भावाने घ्यायची तयारी, जाहीर केली. चष्म्याच्या मालकांना ते अजिबात मान्य नव्हतं. चार महिने वर्तमानपत्रांतून जुंपली होती. शेवटी लंबूची बाजू जिंकली. दोन कंपन्यांची एक झाली की हिशेबाची खुर्चीही एकच उरते, तेव्हा चष्म्याची गेली. त्या दिवसापासून दोघं बोलत नाहीत. आणि दोघांच्या बायका सख्ख्या मावसबहिणी!

"नोकरी गेली याचा राग नाहीये त्याला," मास्तर म्हणाला. "नोकरी त्याला तीन महिन्यांत दुसरी लागली. राग फ्लॅटचा आहे."

हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, तरी परत ऐकलं. जाहीर होण्याच्या चारेक महिने आधी, गणपतीत, चष्मा लंबूकडे जेवायला गेला होता. पानावर बसल्या बसल्या त्याने विचारलं होतं, "मोठा फ्लॅट बघितलाय, हप्ता जरा जास्त बसेल. घेऊ का?" आणि लंबू म्हणाला होता, "घे की. घर काय, घेतलेलं बरं."

"त्याला तेव्हा माहीत होतं," मास्तर म्हणाला. "मोदक खाता खाता मित्राला खड्ड्यात ढकललं."

सीएने पुडी बाजूला ठेवली. ती बाजूला गेली की व्याख्यान येतं हे आम्ही जाणून आहोत. "सांगितलं असतं तर काय झालं असतं, माहितीये? शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचे २०१५ चे नियम आहेत, इनसायडर ट्रेडिंगचे. बाजारात न आलेली, भावावर परिणाम करणारी माहिती नुसती दुसऱ्याला सांगणं हाच गुन्हा. समोरच्याने एकही शेअर घेतला नाही तरी. असल्या व्यवहारात कोणाकोणाला काय कळवलं, त्याची पॅन नंबरासकट नोंद ठेवावी लागते. आणि चष्म्याकडे ईसॉपचे, म्हणजे कंपनीने कर्मचारी म्हणून दिलेले, शेअर होते. तो गप्प राहून विकत बसला असता, की मालकाला जाऊन सांगितलं असतं? दोन्हीकडून लंबू आत."

"सांग म्हणतोय कोण? 'घे' म्हणू नको एवढंच म्हणतोय."

"मग काय म्हणायचं? 'थांब' म्हटलं की झालंच ना सांगून. चष्मा काय दूध पितो? फायनान्सचा माणूस तो. लंबूने नुसता घास गिळायला वेळ लावला असता तरी ओळखलं असतं."

इथे मी तोंड घातलं. म्हटलं, विषय बदलता आला असता. वहिनी, वरण वाढा म्हणायचं. आपल्याकडे जेवताना विषय बदलणं ही काही अवघड कला नाही, निम्मी लग्नं त्यावरच टिकलीत.

"तू असतास तर वरण मागितलं असतंस?" वकिलीने विचारलं. मी गप्प. मी असतो तर, खरं सांगायचं तर, मीही 'घे' म्हणालो असतो. आणि रात्रभर जागा राहिलो असतो.

मग सीएने माइंडट्री काढलं. दर वेळी काढतो. पण कथा अशी आहे की दर वेळी ऐकावी लागते. १९९९ ला दहा जणांनी मिळून बंगळुरूत उभी केलेली आयटी कंपनी. व्ही. जी. सिद्धार्थ, कॉफी डे वाले, तिचे जुने गुंतवणूकदार. त्यांच्यावर कर्ज चढलेलं. मार्च २०१९ मध्ये त्यांनी आपला २०.३२ टक्के हिस्सा एल अँड टीला दिला, शेअरला ९८० रुपयांनी, सुमारे ३,२६९ कोटींना. वर एल अँड टीने त्याच भावाने आणखी ३१ टक्क्यांची ओपन ऑफर काढली. संस्थापकांचा स्वतःचा हिस्सा जेमतेम तेरा टक्के. संस्थापकांतले सुब्रतो बागची तेव्हा ओडिशा सरकारच्या कौशल्य विकासाचं काम बघत होते, ते सोडून कंपनी वाचवायला परत आले. बायबॅकचा, म्हणजे कंपनीने आपलेच शेअर परत विकत घ्यायचा विचार झाला, तोही सोडून द्यावा लागला. जून संपेपर्यंत एल अँड टीकडे ६० टक्के आणि जुलैत तिघा वरिष्ठ संस्थापकांचे राजीनामे. २०२२ च्या नोव्हेंबरात ती एल अँड टीच्याच एलटीआय या आयटी कंपनीत विलीन होऊन एलटीआयमाइंडट्री झाली.

"सिद्धार्थ त्याच जुलैच्या शेवटी गेले," अण्णा म्हणाले. पुढे कोणी काही बोललं नाही. तेवढ्यात कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली. अण्णा ओला आणि सुका, दोन्ही डबे घेऊन उठले. इंदुरात कितीही गंभीर चर्चा असो, त्या गाण्यापुढे कोणाचं चालत नाही.

"गंमत बघ," अण्णा बसल्यावर सीए पुन्हा सुरू झाला. "हीच एल अँड टी एकेकाळी दुसऱ्याच्या घशात जाता जाता वाचलेली. १९८९ ला धीरूभाई तिचे चेअरमन होऊन बसले, पुढच्या वर्षी उठावं लागलं. २००१ ला रिलायन्सने आपला हिस्सा बिर्लांच्या ग्रासिमला विकला, म्हणजे परत तीच धास्ती. शेवटी सिमेंटचा धंदा वेगळा करून बिर्लांना दिला, आणि त्यांच्याकडचे शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टने घेतले, तेव्हा कुठे सुटका. आपल्यावर आलेलं संकट पंधरा वर्षांनी दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं."

"सासुरवास भोगलेली सून," मास्तर म्हणाला, "पुढे सासू झाली की बघावं."

सीएचं म्हणणं थोडक्यात असं: कंपनी बाजारात नोंदवली त्या दिवशीच ती विक्रीला ठेवलेली असते. पंचवीस टक्के झाले की बाकीच्यांसाठी निदान २६ टक्क्यांची ऑफर काढायचीच, असा २०११ पासूनचा नियम आहे. विकायचं की नाही हे शेअरवाला ठरवतो. चष्म्यानेही आपले ईसॉप त्या ऑफरमध्येच दिले आणि चांगला भाव घेतला. मग रडतो कशाला?

अण्णांना हे लागलं. "भाव घेतला म्हणून रडायचं नाही? मघाशी नोकरीचं म्हणालात, तीन महिन्यांत दुसरी लागली. याच गावात हुकुमचंद मिल १९९२ ला बंद पडली. मजुरांच्या देण्याचे २२४ कोटी सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. चार हजार आठशे माणसं. त्यात किती तर तोवर गेलीसुद्धा. तुमच्या लढाईत निदान हरणाऱ्याच्या हातात चेक पडतो."

"अण्णा, पण मग त्याने रागावूच नये का?"

"रागवावं ना. पण लंबूवर कशाला? लंबू काय त्या कंपनीचा मालक आहे?"

मला इथे सगळेच चुकतायत असं वाटत होतं. म्हणून जे वर्षभर मनात होतं ते बोललो. लंबूने सांगितलं नाही, ठीक. 'घे' म्हणाला, तेही एकवेळ सोडा. पण गणपतीनंतर तो चष्म्याचा फोन उचलेनासा झाला. दिवाळीला आला नाही. चष्म्याच्या आईचं ऑपरेशन झालं तेव्हा बायकोला पाठवलं. सेबी बोलू नको म्हणते. दवाखान्यात जाऊ नको असं सेबीच्या कुठल्या नियमात आहे?

मास्तरने मांडीवर थाप मारली. सीए गप्प झाला, आणि मला वाटलं आज जिंकलो.

वकील इतका वेळ लिंबाची फोड पिळत होती. ती म्हणाली, "आणि दवाखान्यात जाऊन काय करायचं होतं त्याने? चष्म्याच्या शेजारी बाकावर बसून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, पुढच्या आठवड्यात त्याचीच कंपनी गिळायची हे मनात ठेवून चहा प्यायचा? आला असता तर आज तूच म्हणाला असतास, किती नाटकी माणूस. त्याला खोटं वागता येत नव्हतं म्हणून तो पळाला."

"म्हणजे पळणं बरोबर?"

"बरोबर म्हणत नाहीये मी. त्यातल्या त्यात तेवढंच खरं होतं असं म्हणतेय." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही चौघं तासभर चष्म्याला काय वाटलं ते बोलताय. लंबूच्या बायकोला कोणी विचारलं?"

कोणीच नव्हतं विचारलं.

"तिलाही टीव्हीवरच कळलं. सकाळी साडेनऊला, डबा भरताना. मावसबहिणीचा फोन तिला आधी आला, नवऱ्याचा नंतर. ती मला म्हणाली, चष्म्याला काय, मित्राने नाही सांगितलं. मला तर नवऱ्याने नाही सांगितलं. आता तो ऑफिसातून उशिरा आला की मी विचारत नाही, कारण उत्तर खरं असेल की नाही कळायला मार्ग नाही." लिंबाची फोड तिने पुडीत ठेवली. "दोघी बहिणी रोज बोलतात हं. मुलं, मोलकरीण, लोणचं, सगळं. नवरे हा विषय दोघींनी बंद करून टाकलाय."

सीए म्हणाला, "बायकोलाही सांगता येत नाही. नियमच आहे."

"माहितीये मला नियम. मी वकील आहे."

जरा वेळाने वातावरण हलकं करायला मास्तरने रुची सोया काढली. आपल्या गावची खाद्यतेलाची कंपनी, २०१७ च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली, मग अदानी विल्मर आणि पतंजलीची बोली. अदानींची बोली वर होती, पतंजली कंपनी लवादात गेली, अदानी कंटाळून बाहेर पडले, आणि २०१९ मध्ये ४,३५० कोटींना बाबांनी नेली. जुन्या भागधारकांच्या शंभर शेअरांचा एक झाला. त्यावर पूर्वी आम्ही कितीतरी रविवार काढले होते, पोट धरून हसलोही होतो. दोन्ही बाजूंना आपला कोणी नव्हता ना.

अण्णांचा फोन वाजला. पलीकडचा आवाज आम्हाला सगळ्यांना ओळखू आला. "चष्मा आहे का तिथे?" अण्णा म्हणाले, नाही. "मग येतो पाच मिनिटांत."

आला. जरा सुटलाय, केस पिकलेत. अण्णांच्या पाया पडला, आपल्या नेहमीच्या जागी, तिसऱ्या पायरीवर भिंतीला टेकून बसला. मास्तरने उरलेले पोहे त्याच्यापुढे सरकवले.

"थंड झालेत भिया," लंबू म्हणाला. "काय, कसली चर्चा चालली होती?"

वकिलीने माझ्याकडे पाहिलं. मी सीएकडे.

"काही नाही," सीए म्हणाला, "रुची सोयाचं."