वॉलपेपरचा दर रोलवर ठरतो, तिथेच भिंतीचं वाटोळं होतं

वॉलपेपरच्या दुकानात गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं. रोल किती लागतील आणि एका रोलची फिटिंग किती? दुकानदारही तेवढीच उत्तरं देतो. कधी तर "फिटिंग आमच्याकडून" म्हणून विषयच मिटवतो. भिंत कशी आहे हे कोणी विचारत नाही. स्पष्टच सांगायचं तर रोलमागे दर ही पद्धत मोडीत काढल्याशिवाय आपल्याकडे वॉलपेपरचं काम सुधारणार नाही.

रोलमागे पैसे मिळत असतील तर फिटरची कमाई एका दिवसात किती रोल संपले यावर ठरते. भिंत घासणं, प्रायमर मारणं, तो वाळेपर्यंत थांबून दुसऱ्या दिवशी परत येणं, यातल्या कशालाच त्या दरात जागा नसते. रंगारी म्हणतो, "माझी लांबी (म्हणजे भिंत सपाट करणारी पुट्टी) झाली, पुढचं वॉलपेपरवाला बघेल." वॉलपेपरवाला म्हणतो, "भिंत तयार करून द्या, मी फक्त चिकटवतो." या दोघांच्या मधे जे काम पडून राहतं, तेच सहा महिन्यांनी जॉइंट उघडून बाहेर येतं. आणि शिव्या बिचाऱ्या कागदाला.

आधी रोलचं गणित, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. युरोपियन मापाचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट. कोरियन रोल १.०६ मीटर रुंद आणि १५.६ मीटर लांब, म्हणजे जवळपास १७८ चौरस फूट. दुकानात भिंतीच्या चौरस फुटांना ५७ ने भागतात आणि आकडा सांगून मोकळे होतात. पण कागद चौरस फुटांत लागत नाही, पट्ट्यांत लागतो.

साडेनऊ फुटी भिंत घ्या. उंची २.९० मीटर, वर-खाली कापायला मिळून १० सेंटिमीटर जास्त, म्हणजे पट्टा ३ मीटरचा. रोलमधून तीन पट्टे निघतात. १० फूट रुंद भिंतीला सहा पट्टे, म्हणजे दोन रोल. इथे दुकानाचं गणितही बरोबर येतं, म्हणून सगळ्यांचा त्यावर विश्वास बसतो. आता जुन्या वाड्यातली किंवा बंगल्यातली ११ फूट उंच, १२ फूट रुंद भिंत घ्या. १३२ चौरस फूट भागिले ५७, म्हणजे २.३, म्हणून दुकानदार तीन रोल देतो. पण पट्टा ३.४५ मीटरचा होतो आणि रोलमधून दोनच निघतात. भिंतीला लागतात सात पट्टे, म्हणजे चार रोल. चौथा रोल आठवड्याने येतो, तो वेगळ्या बॅचचा निघतो आणि शेवटचा पट्टा कायमचा वेगळा दिसतो. प्रत्येक रोलच्या लेबलवर बॅच नंबर छापलेला असतो. सगळे रोल एकाच बॅचचे आहेत ना, हे प्लास्टिक फाडायच्या आधी बघायचं असतं.

नक्षी असेल तर हिशोब आणखी बदलतो. लेबलवर नक्षीचं पुनरावर्तन सेंटिमीटरमधे दिलेलं असतं आणि शेजारी बाणांचं चिन्ह असतं. दोन्ही बाण समोरासमोर असले तर नक्षी सरळ जुळते. बाण खाली-वर असतील तर प्रत्येक पुढचा पट्टा अर्ध्या नक्षीने सरकवावा लागतो. अशा वेळी १, ३, ५ नंबरचे पट्टे एका रोलमधून आणि २, ४, ६ दुसऱ्यातून कापले की नासाडी कमी होते. पट्ट्यांना मागच्या बाजूने नंबर घालायचे, तेही पेन्सिलने. बॉलपेनची शाई ओल्या कागदातून पुढे फुटते.

आता भिंत. खरं काम इथेच असतं आणि बिलात त्याचा पत्ताही नसतो.

पहिली तपासणी हाताची. तळवा भिंतीवरून फिरवा. पांढरी पूड हाताला लागली तर लांबी कच्ची आहे किंवा तिच्यात पाणी जास्त पडलंय. दुसरी तपासणी टेपची. मास्किंग टेप घट्ट दाबून झटक्यात ओढायची. टेपला लांबीचा पापुद्रा चिकटून आला, तर वॉलपेपरही तसाच येणार, कारण कागद भिंतीला चिकटत नसतो, भिंतीच्या सगळ्यात वरच्या थराला चिकटत असतो. तिसरी ओल्या स्पंजची. जुना डिस्टेंपर असेल तर तो पाण्याने सुटतो. सुटला तर धुऊन आणि खरवडून काढायचा, त्याच्यावर काहीही लावायचं नाही. ऑइल पेंटची चकचकीत भिंत असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मारून मग प्रायमर.

प्रायमर कशाला, हा प्रश्न हमखास येतो, कारण "लांबी तर केलीय ना!" लांबी किंवा नव्या टॉवरमधलं जिप्सम प्लास्टर पाणी टिपकागदासारखं ओढतं. गमातलं पाणी काही सेकंदांत भिंतीत जातं, पट्टा सरकवायला वेळच मिळत नाही, कडा आधी वाळतात आणि जॉइंटला केसाएवढी फट राहते. प्रायमरमुळे शोषण सगळीकडे सारखं होतं आणि पट्टा भिंतीवर हलवता येतो. पाच वर्षांनी कागद काढताना लांबी सोबत येत नाही, हा आणखी एक फायदा. एक हात पुरतो, पण तो किमान २४ तास वाळला पाहिजे. कागद गडद निळा किंवा काळा असेल, तर जिथे जॉइंट येणार तिथे भिंतीवर दोन इंची पट्टा त्याच रंगाने रंगवून घ्यावा. नाहीतर कागद जरा आकसला की मधली पांढरी भिंत रेघेसारखी चमकते.

भिंतीचा उंच-सखलपणा समोरून दिसत नाही. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाका, सगळे उंचवटे आणि रंगाऱ्याच्या पत्र्याच्या रेघा दिसतील. चमकदार किंवा सोनेरी कागद लावायचा असेल तर ही तपासणी टाळूच नये, तो कागद एकही खोट झाकत नाही. जाड टेक्स्चरचा पुष्कळ पोटात घालतो.

आणि ओल. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यात हा सगळ्यात मोठा शत्रू. पावसाचा मारा पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या बाहेरच्या भिंतींवर बसतो. दुसरी संशयित बाथरूमला लागून असलेली भिंत, तिचा खालचा दीड-दोन फुटांचा भाग खास. एक फूट बाय एक फूट प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर बंद करा आणि दोन दिवस ठेवा. आतून दव धरलं किंवा भिंत काळपट झाली, तर काम थांबवा. दोन पिनांचं मॉइश्चर मीटर असेल तर उत्तम, पण ते बहुधा लाकडासाठी जुळवलेलं असतं. म्हणून त्याच्या आकड्यावर न जाता घरातल्या नक्की कोरड्या भिंतीशी तुलना करायची.

व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा थर असलेला कागद श्वास घेत नाही. मागे ओल असली की ती अडकते, बुरशी धरते आणि कागदावर काळे किंवा गुलाबी डाग उमटतात. ते पुसून जात नाहीत, कारण डाग पलीकडून आलेला असतो. नॉन-वोवन, म्हणजे न विणलेल्या तंतूंचा कागद हवा खेळू देतो, त्यामुळे थोडी ओल सहन करतो, पण झिरपणाऱ्या भिंतीवर तोही टिकणार नाही. "आतून वॉटरप्रूफिंगचा कोट मारून देतो" हे ऐकलं की सावध व्हा. पाणी बाहेरून येत असेल तर बाहेरची भेग बुजवायला हवी. आतून अडवलेलं पाणी शेजारून वाट काढतं.

आपल्या सणांचं वेळापत्रक तर या कामाच्या मुळावरच उठलेलं आहे. "गणपतीच्या आधी मखरामागची भिंत झाली पाहिजे" म्हणजे भर पावसात, भिंत सगळ्यात ओली असताना. नंतरची गर्दी दिवाळीच्या तोंडावर. तेव्हा हवा कोरडी वाटते, पण बाहेरच्या भिंतीनं चार महिने प्यायलेलं पाणी अजून आतच असतं. मुंबईत बाहेरच्या भिंतीला डिसेंबर ते मे हा काळ बरा. गणपतीत हवाच असेल तर प्लायच्या बोर्डावर कागद लावून बोर्ड उभा करा. भिंत वाचते आणि पुढच्या वर्षी डिझाइन बदलता येतं. विदर्भात उलटा त्रास. मे महिन्यात गम ब्रशवरच वाळायला लागतो आणि खिडकीतल्या कूलरची दमट हवा थेट समोरच्या भिंतीवर आदळते. त्या भिंतीवर कागद नकोच.

गमाबद्दल. वॉलपेपरचा पावडर गम थंड पाण्यात, सतत ढवळत थोडा थोडा सोडायचा आणि १५ ते २० मिनिटं फुगू द्यायचा. पाण्याचं प्रमाण पाकिटावर कागदाच्या प्रकाराप्रमाणे दिलेलं असतं, हलक्या कागदाला पातळ आणि जड कागदाला घट्ट. घाईत पावडर एकदम ओतली की गुठळ्या होतात आणि त्या कागदाखाली पुरळासारख्या दिसतात. सुताराचा पांढरा गम मिसळण्याची आपल्याकडे सवयच आहे. जड व्हिनाइलच्या कडांना थोडा चालतो. सगळ्या भिंतीला तोच फासला, तर कागदावर सांडलेला डाग चकाकत राहतो आणि पुढे कागद काढताना लांबीसकट पोपडे निघतात. हा उद्योगही रोलच्या दरातूनच आलेला. कच्च्या भिंतीवर काम रेटायचं, म्हणून गम कडक करायचा.

लावताना पहिला पट्टा ओळंब्यात हवा. लेझर लेव्हल असेल तर झकास, नसेल तर दोरी आणि ओळंबा. कोपऱ्याला किंवा दाराच्या चौकटीला समांतर धरून सुरुवात करू नये, कारण आपल्या फ्लॅटमधला एकही कोपरा सरळ नसतो. पहिला पट्टा पाच मिलिमीटर वाकडा गेला की पुढचे सगळे त्याच्या मागे जातात आणि पट्टेरी डिझाइन असेल तर तोल गेल्यासारखं दिसतं. मोठी नक्षी असेल तर पहिला पट्टा भिंतीच्या मध्यावरून सुरू करावा.

कागदी पाठीचा वॉलपेपर गम लावल्यावर रुंदीत थोडा वाढतो. म्हणून गम लावून, गमाची बाजू आत घडी घालून त्याला पाच ते दहा मिनिटं मुरू द्यायचं, आणि प्रत्येक पट्ट्याला तितकाच वेळ. एक पट्टा तीन मिनिटांत लावला आणि दुसरा बारा मिनिटांनी, तर एक भिंतीवर गेल्यावर वाढतो, फुगे येतात आणि नक्षी चुकते. नॉन-वोवनला ही भानगड नाही. गम थेट भिंतीला लावायचा, पट्ट्याच्या रुंदीपेक्षा चार बोटं जास्त, म्हणजे कड कोरडी राहत नाही.

आतल्या कोपऱ्यात अख्खा पट्टा वळवायचा नाही. कोपऱ्यापर्यंतचं अंतर वर, मधे आणि खाली मोजायचं, सगळ्यात मोठ्या मापात एक सेंटिमीटर मिळवून पट्टा उभा कापायचा. उरलेला तुकडा दुसऱ्या भिंतीवर नव्या ओळंब्याने. मुंबईच्या फ्लॅटमधे भिंतीतून दोन-तीन इंच पुढे आलेला कॉलम असतोच, म्हणजे हे काम दोनदा आणि वर बाहेरचे दोन कोपरे. रोलच्या दरात कॉलम फुकट, स्विचबोर्डही फुकट. एमसीबी बंद करायचा, वरची प्लेट काढायची, कागदाला तिरकी फुली मारून आतल्या चौकटीएवढंच कापायचं आणि प्लेट परत बसवायची. ज्याला घाई असते तो प्लेटच्या भोवतीने ब्लेड फिरवतो आणि महिन्याभरात तिथली कड वळते.

ब्लेडचं टोक दर एक-दोन कापांना मोडायचं. बोथट ब्लेडने ओला कागद कापला जात नाही, फाटतो. ऑर्डरप्रमाणे छापलेल्या कागदाचे पट्टे एकमेकांवर चढवून दोन्ही थर एकदम कापतात, तिथे हात हलका हवा. ब्लेड लांबीत गेलं, तर तिचा वरचा थर तिथेच चिरतो. वाळताना कागद आकसतो आणि चिरलेली लांबी घेऊनच उचलला जातो. असा उघडलेला जॉइंट पुन्हा गम भरून टिकत नाही, कारण सुटलेला असतो तो भिंतीचा थर.

काम झाल्यावर पंखा लावू नका. एसी नको, खिडक्या सताड उघड्याही नकोत, निदान २४ तास. लवकर वाळावं म्हणून पंखा फुल करणं हे आपल्या घरांतलं सगळ्यात महागडं प्रेम. कडा आधी वाळतात, मधला भाग ओला राहतो आणि ओढाताणीत जॉइंट उघडतो. छोटे फुगे दुसऱ्या दिवसापर्यंत बरेचसे आपोआप बसतात. लगेच सुई घेऊन धावू नये.

तर कोटेशन कसं असावं? भिंत तपासायला येण्याचे वेगळे पैसे, काम मिळो न मिळो. भिंतीच्या तयारीचा दर चौरस फुटावर, त्यात घासणं आणि प्रायमर वेगवेगळे लिहिलेले. लावण्याचा दर पट्ट्यावर. स्विचबोर्ड, कॉलम आणि जुना कागद काढणं मोजून. प्लास्टिकच्या चाचणीचा निकाल कागदावर, आणि भिंत ओली असेल तर "आत्ता लावणार नाही" हे लिहून देण्याची मुभा. आकडा रोलच्या दरापेक्षा मोठा दिसेल, हे खरं. तरी साडेनऊ बाय दहाच्या भिंतीला लावण्याचं काम दोन-तीन तासांचं असतं आणि तयारीचे दोन दिवस. पैसे आपण आत्तापर्यंत त्या तीन तासांचेच देत आलो आहोत.

राहिलेला तुकडा टाकू नका. लेबलसकट गुंडाळून माळ्यावर आडवा ठेवा, उभा ठेवला की कड चेपते. कपाट सरकवताना कागद फाटला, तर त्याच बॅचचा वीतभर तुकडा नव्या रोलपेक्षा जास्त कामाला येतो.