दाव्याआधीची साक्ष आणि वरच्या कोर्टाची वाट

पुण्यातील एक वकील मित्र परवा फोनवर तळमळून सांगत होता, की बिल्डरच्या कपाटातले करारनामे पाहायला मिळत नाहीत तोवर सोसायटीच्या सभासदांना दावा नेमका कशाचा लावायचा हेच उमगत नाही. तेव्हा, तो म्हणाला, तुमच्या टेक्सासातील दाव्याआधी शपथेवर साक्ष घेण्याची सोय आपल्याकडेही यायला हवी. त्याची अडचण खरी आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत प्रश्नावली, कागदपत्रांचे प्रकटीकरण, साक्षीसाठी कमिशन हे सारे दावा दाखल झाल्यानंतरचे आहे, आणि वादपत्रातून दाव्याचे कारणच दिसत नसेल तर ते आरंभीच फेटाळले जाते.

टेक्सासातल्या ह्यूस्टनमध्ये राहून मला मात्र त्या सोयीपेक्षा तिच्यावरचा लगाम अधिक मोलाचा वाटतो. टेक्सासच्या नियम २०२ नुसार, अशा साक्षीमुळे अपेक्षित दाव्यातील न्याय हुकणे किंवा लांबणे टळू शकते, अथवा संभाव्य दाव्याच्या चौकशीचा लाभ समोरच्याला होणाऱ्या त्रासाहून व खर्चाहून अधिक आहे, असा निष्कर्ष काढल्याखेरीज न्यायाधीशाला आदेश देता येत नाही. हा निष्कर्ष गृहीत धरून चालणार नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बजावले. २०१४ मध्ये, गूगलकडून एका निनावी ब्लॉगलेखकाची ओळख मिळवू पाहणाऱ्या प्रकरणात, भावी प्रतिवादीवर टेक्सासच्या न्यायालयाची अधिकारिता, म्हणजे त्याला आपल्यापुढे आणण्याचा अधिकार, असलीच पाहिजे, असेही त्याने ठरवले.

ज्याच्यावर पुढे दावा व्हायचा आहे त्याच्याविरुद्धचा आदेश अंतिम मानला जात नाही, म्हणून त्यावर अपील नाही. त्याने वरच्या न्यायालयाकडे परमादेश, म्हणजे खालच्या न्यायालयाला थेट दिलेला हुकूम, मागायचा. केवळ माहिती असलेल्या त्रयस्थाला मात्र अपील करता येते. परमादेशाची ही वाट मला मनापासून पटते, कारण शपथेवर एकदा सांगितलेली गोष्ट, पुढे निकाल कितीही बाजूने लागला तरी, परत घेता येत नाही.

आपल्याकडे २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११५ खालील पुनरीक्षण, म्हणजे खालच्या आदेशाची उच्च न्यायालयाकडून होणारी तपासणी, अशा मधल्या आदेशांना जवळजवळ बंद केले, आणि पक्षकार, खालच्या न्यायालयांवर देखरेखीचा अधिकार देणाऱ्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली, उच्च न्यायालयात जाऊ लागले. तेथे स्थगिती मिळाली की खालचे काम किती काळ अडते, हे मित्राला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. करारभंगाच्या दाव्याला मुदत अवघी ३ वर्षांची. ती साक्षीच्या आदेशावरील भांडणातच सरली, तर सभासदांच्या हाती कागदही नाहीत आणि दावाही नाही.

म्हणून मी त्याला कळवले आहे, की अशा सोयीच्या कायद्याचा मसुदा करायचाच असेल तर आदेशाविरुद्ध वर जाण्याची मुदत, तेथील निर्णयाची मुदत आणि तो सगळा काळ दाव्याच्या मुदतीतून वगळणारी तरतूद, ही तीन कलमे आधी लिही. साक्ष कशी घ्यायची ते त्यानंतर.