वाटेचा ओढा करण्याची रीत

पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती ऐन जुलैत, भर पावसात होते आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही, कारण हा मुहूर्त इतिहासानेच काढून दिलेला आहे. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज विशाळगडाकडे निघाले, घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे पाठलागावरच्या फौजेसमोर उभे राहिले, आणि ती खिंड पुढे पावनखिंड म्हणून ओळखली जाऊ लागली. आज त्या तारखेच्या मागेपुढे हजारो जण सुमारे ५० किलोमीटरची ही वाट दोन दिवसांत तुडवतात. आपण त्यांपैकी एक असाल, त्यांना घेऊन जाणाऱ्या एखाद्या संस्थेचे पदाधिकारी असाल किंवा वाटेच्या विकासासाठी निधी खेचून आणणारे पुढारी असाल. कोणीही असलात तरी या वाटेचे ओढ्यात रूपांतर करण्याच्या कामी आपला हातभार लागू शकतो. निम्मे काम पाऊस स्वतःच करतो. उरलेल्या निम्म्याला थोडी शिस्त लागते, तेवढीच येथे सांगायची आहे.

आरंभ उतारापासून करावा, म्हणजे उताराचा विचार सोडून द्यावा. डोंगरात पायवाट आखणारे जाणकार एक साधा नियम पाळतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा. डोंगराचा उतार ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि एकंदर सरासरी १० टक्क्यांच्या आसपास राहिली तर फारच उत्तम. असे केले की वाट डोंगराला आडवी जाते, वरून आलेले पाणी तिला ओलांडून खाली उतरते आणि वाट जिथल्या तिथे राहते. हे टाळायचे असेल तर समोर दिसणाऱ्या माथ्याकडे नाकासमोर चढत जावे. पाणीही त्याच रेषेने उतरणार असल्यामुळे दोघांचा मार्ग एक होतो, आणि एकदा वाटेत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ६४ पट वजनाचा दगड हलवू शकते, असे जलशास्त्रातला एक जुना नियम सांगतो. निसर्गाने एवढी सवलत देऊ केलेली असताना ती नाकारणे बरे नव्हे.

जिथे जुन्या लोकांनी वळणे घेत वाट चढवून ठेवली आहे, तिथे दोन वळणांच्या मधून थेट उतरावे. सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटांना लादलेल्या बैलांचे तांडे चढवायचे होते, त्यामुळे त्यांना चढ सांभाळणे भाग होते. आपल्या पाठीवर रेनकोट आणि बिस्किटांचे पुडे यांखेरीज काही नसल्याने ती अडचण आपल्याला नाही. एकट्याने घेतलेला आडमार्ग गवतात दिसतही नाही, म्हणून हे काम समूहाने करावे. पन्नास जण एकामागून एक उतरले की मागून येणाऱ्याला तीच खरी वाट वाटते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या जागी कंबरभर घळ तयार असते.

मसाई पठार सपाट आहे, त्यामुळे तिथे आपल्याला काही करता येणार नाही, असा समज होण्याची शक्यता आहे. वास्तविक सर्वांत टिकाऊ कामगिरी तिथेच होते. हे जांभ्याचे पठार आहे: खाली कठीण खडक, वर मातीचा अगदी पातळ थर, आणि त्या थरात पावसाळ्याचे चार महिने जगून घेणाऱ्या वनस्पती. गेंद, सीतेची आसवे, किडे धरून खाणारी दवबिंदू अशी नाजूक मंडळी असल्या पठारांवर वस्तीला असतात. पाऊस पडला की वाटेवर पाणी साचते आणि चिखल होतो. वाटांची निगा राखणारे लोक अशा वेळी चिखलातून मधोमध चालत जायला सांगतात, कारण बूट धुता येतात आणि दबलेली जमीन आणखी दबून फारसे बिघडत नाही. आपण मात्र बुटांची काळजी घ्यावी आणि डबक्याला वळसा घालून कडेच्या गवतावरून जावे. तिथली माती भुसभुशीत असते आणि गवताच्या मुळांनी ती धरून ठेवलेली असते. शेकडो पाय पडले की गवत मरते, माती दाबली जाते, दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वरच थांबते, आणि कालच्या कोरड्या कडेला आज नवे डबके होते. मागून येणारा त्यालाही वळसा घालतो. अशा रीतीने एकाशेजारी एक चार-पाच समांतर वाटा तयार होतात आणि पठाराचा जेवढा भाग चालण्यासाठी होता त्याच्या कितीतरी पट भाग चालण्यासाठी उपलब्ध होतो. ज्यांना एवढा धीर नसेल त्यांनी मोटारसायकल घेऊन यावे. पावलांचे ठसे तुटक असतात, पण चाकाची चाकोरी सलग असते, आणि पाण्याला सलगता आवडते.

पठार उतरून वाड्यांच्या शिवारात आल्यावर भाताची रोपलावण चाललेली असते. तिथल्या पाणंदीत घोट्याएवढा राडा असल्यामुळे शेताच्या बांधावरून चालावे. बांध अरुंद असतो, एका बाजूने खचतो, खाचरातले पाणी फुटते आणि पाणंदीत येऊन मिळते, म्हणजे पुढच्या तुकडीलाही बांधावरून चालण्यास सबळ कारण मिळते. शेतकऱ्याने आरडाओरडा केला तर ‘जय शिवराय’ म्हणून पुढे जावे. त्यावर त्याला काही बोलता येत नाही.

आता निचऱ्याकडे वळू. याबाबत महाराष्ट्राने गेली कित्येक वर्षे भिंती रंगवून शिकवलेली घोषणा आपल्या कामी येते: पाणी अडवा, पाणी जिरवा. उघड्या माळावर आणि शेताच्या वरच्या अंगाला ही शिकवण अतिशय मोलाची आहे, आणि म्हणूनच ती थेट वाटेवर लागू करावी. वाटेवरचे पाणी खरे तर अडवायचे नसते. त्याला वेग येण्याआधी ते बाजूला काढून द्यायचे असते. जिरायचे ते शेजारच्या गवतात आणि झाडोऱ्यात. त्यासाठी वाट दरीच्या अंगाला किंचित कलती ठेवतात, मीटरभर रुंदीला पाचेक सेंटीमीटर, इतकी की चालणाऱ्याला ते जाणवूही नये. शिवाय चढत्या वाटेला थोड्या थोड्या अंतरावर मध्येच छोटासा उतार देतात, म्हणजे वरून येणारे पाणी त्या सखल जागी पोहोचून आपोआप बाहेर पडते. ही दोन्ही कामे स्वस्त असतात, वर्षानुवर्षे टिकतात आणि झाल्यावर दिसत नाहीत. जे दिसत नाही त्याची नोंद मोजमाप पुस्तिकेत कशी करणार आणि त्याचे बिल कसे काढणार? म्हणून ती दोन्ही वगळावीत.

त्याऐवजी वाटेत दगडांचा आडबांध घालावा, कारण तो फोटोत येतो. फक्त तो वाटेला अगदी काटकोनात घालण्याची दक्षता घ्यावी. तो ४५ ते ६० अंशांत तिरका घातला गेल्यास पाणी त्याच्या कडेने सरकत वाटेबाहेर निघून जाते आणि बराचसा गाळही सोबत नेते, म्हणजे सगळे मुसळ केरात. काटकोनात घातलेल्या बांधावर पाणी थडकते, थबकते आणि गाळ खाली टाकते. काही सरींतच बांधाच्या मागची जागा भरून येते, आणि मग पाणी बांधावरून उडी घेऊन पलीकडे चांगला खोल खड्डा पाडते. दगड हलके आणि गोलसर निवडावेत, एका माणसाला उचलता येतील असे. मोठा दगड निवडून त्याचा बराचसा भाग जमिनीत पुरण्याचा आग्रह काही हेकट लोक धरतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नये. बांधाची दोन्ही टोके वाटेच्या काठाशीच संपवावीत, म्हणजे पाण्यालाही आणि माणसांनाही वळसा घालून जाता येते. पाण्याला बाहेर पडायला चर काढूच नये. चुकून काढला गेल्यास त्याचे तोंड पालापाचोळ्याने बुजेपर्यंत वाट पाहावी. यास फार काळ लागत नाही.

निधी उपलब्ध असेल तर यापेक्षा भव्य मार्ग मोकळा आहे, तो म्हणजे सिमेंटच्या पायऱ्या. हे काम मार्चअखेरीस करावे. त्या दिवसांत निधी परत जाण्याची भीती असल्यामुळे कोणी फारसे प्रश्न विचारत नाही, आणि काँक्रीटवर मारायला डोंगरावर पाणीही नसते. पायरीची उंची फूटभर ठेवावी. तेवढी उंची गुडघ्यांना त्रासदायक होत असल्याने लोक पायऱ्या सोडून कडेच्या मातीतून चढू-उतरू लागतात, त्या बाजूला पन्हळ तयार होते, पावसाचे पाणी पायऱ्यांवरून यायचे सोडून त्या पन्हळीतून येते आणि पायरीखालची माती ओढून नेते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर पायऱ्या अधांतरी लोंबू लागतात, आणि मग नव्या पायऱ्यांचे अंदाजपत्रक सादर करता येते. भरावासाठी लागणारे दगड वाटेच्या वरच्या उतारावरून गोळा करावेत. ते आजवर तिथली माती धरून बसले होते, त्यांनाही मोकळे केल्यासारखे होईल. कामाच्या आरंभी कोनशिला बसवायला विसरू नये, आणि तिच्यापुरता पाया मात्र पक्का घ्यावा. वाट बिकट झाल्याची तक्रार कोणी केलीच, तर गडाला येणारे मार्ग सुगम नसावेत असे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातच सांगितले आहे, हे त्याच्या नजरेस आणून द्यावे. ती सूचना शत्रूच्या फौजेला उद्देशून होती, हा तपशील सांगण्याची आवश्यकता नाही.

पाहणी कधी करावी, याबाबत अनेकांचा गोंधळ होतो. पाहणी उन्हाळ्यात करावी, शक्यतो जेवणाच्या वेळेच्या सुमारास, आणि मोटार जिथपर्यंत जाते तिथपर्यंतच करावी. भर पावसात छत्री घेऊन वाटेवर उभे राहिले तर पाणी कुठे शिरते, कुठे वेग घेते आणि कुठून बाहेर पडू पाहते हे तासाभरात डोळ्यांनी दिसते, आणि मग कुदळ नेमकी कुठे मारायची याबद्दल कोणाचा सल्ला घेण्याचीही गरज राहत नाही. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरातही धोका असतोच: माती अजून ओलसर असते, खणायला सोपी जाते, आणि पाण्याच्या सगळ्या खुणा जागच्या जागी असतात. ते दिवस सुखरूप जाऊ द्यावेत.

अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाची सुमारे ३,५०० किलोमीटरची पायवाट आहे. बेंटन मकाय यांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली आणि १९३७ साली जॉर्जियापासून मेनपर्यंत ती सलग झाली. तिथेही आरंभी अनेक ठिकाणी वाट सरळ धारेने वर काढली होती, पुढे ती धुपली, आणि मूळ वाटेचा बराच मोठा भाग नंतर हलवून नव्याने आखावा लागला. एवढ्या अनुभवानंतर त्यांनी काय केले, तर वाटेचे तुकडे पाडून ते स्थानिक मंडळांना वाटून दिले. ज्याच्याकडे जो तुकडा, त्या तुकड्यातले चर त्याने उपसायचे, आडबांध नीट करायचे, वाढलेली झुडपे छाटायची, आणि हे दर वर्षी. आपल्याकडे हे चालण्यासारखे नाही. ५० किलोमीटरचे तुकडे पाडून ते पदभ्रमंती नेणाऱ्या संस्थांना वाटले, तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम काही किलोमीटर येतील, आणि ते काम एखाद्या रविवारी खरोखरच होऊन जाईल. त्यामुळे तशी वेळ येऊ न देणे श्रेयस्कर. संस्थांनी टी-शर्ट, पदक, प्रमाणपत्र आणि ध्वनिक्षेपक यांवर लक्ष केंद्रित करावे, आणि प्रवेशशुल्क आकारताना त्यातला एकही रुपया कुदळ-फावड्यावर खर्च होणार नाही याची खातरजमा करावी. श्रमदानाची फारच हौस असेल तर प्लॅस्टिकच्या बाटल्या वेचाव्यात. ते काम चांगलेच आहे, आणि भरलेल्या पोत्यांसह छायाचित्र काढता येते. उपसलेल्या चरासोबत काढलेल्या छायाचित्रात नुसता चर दिसतो.

एका गोष्टीची धास्ती मात्र बाळगलीच पाहिजे. वाटेवरच्या वाड्यांत अशी माणसे असतात जी भर पावसात डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन, खांद्यावर खोरे टाकून आपल्या खाचराचे पाणी बघायला निघतात. जाता जाता वाटेत तुंबलेले पाणी दिसले की ती थांबतात, खोऱ्याचे चार घाव घालून काठ फोडतात, पाणी खालच्या रानात सोडून देतात आणि पुढे जातात. या कामाला अंदाजपत्रक नसते, कोनशिला नसते, आणि ते करणाऱ्याला आपण काही विशेष केले असे वाटतही नाही. अशा चार-सहा माणसांनी मिळून एका पावसाळ्यात आपल्या सर्वांच्या मेहनतीवर अक्षरशः पाणी सोडल्याची उदाहरणे असू शकतात. तेव्हा असा कोणी वाटेत खोरे चालवताना आढळला, तर त्याला ताबडतोब थांबवावे, हे काम कोणत्या विभागाच्या परवानगीने चालले आहे असे विचारावे, आणि त्याने लेखी अर्ज केल्याशिवाय त्याच्या हाती खोरे परत देऊ नये.