ऑक्टोबरात थेट फास्ट ग्रुपच्या मागे लागू नका

पाऊस उघडला की सायकलिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरतो: 'बेस-बीस (आधी हळू, लांब चालवून पाया घालणं) विसरा, थेट फास्ट ग्रुपचं चाक धरा, महिन्यात फॉर्म येतो. हळू चालवणं म्हणजे वेळ वाया. पुढच्याच्या मागे, वाऱ्यापासून आडोशाला राहिलात की तीस टक्के मेहनत वाचते. चढाला मोठा गिअर दाबा, ताकद येते. ग्रुपपासून मागे सुटलात तर सुटलात, त्यातूनच शिकाल.' दोन-तीन महिने सायकल भिंतीला टेकून होती, त्यांनी हा सल्ला मानला तर दिवाळीपर्यंत गुडघा धरून बसायची वेळ येते.

तीस टक्क्यांचं आधी बघू. सपाट रस्त्यावर, एकसारख्या वेगाने, पुढच्या चाकाच्या जवळ राहिलात तर साधारण तेवढी बचत खरोखर होते. पण आपल्या रस्त्यावर एकसारखा वेग असतो कुठे? गाव आलं, स्पीडब्रेकर आला, ग्रुप ताशी 25 किलोमीटरवर उतरतो आणि लगेच 36 ला जातो. पुढचे आधी वेग घेतात, मागच्याला तोच वेग कमी वेळात गाठावा लागतो. सायकलसह 85 किलो वजन आठ सेकंदांत 25 वरून 36 ला न्यायला, नुसत्या वेगवाढीलाच सुमारे 275 वॅट लागतात. वारा आणि रस्त्याचं घर्षण वेगळं. ज्याला तासभर 180 वॅट टिकवता येतात, तो असे वीस झटके खाल्ल्यावर संपतो. शेपटाला बसून आराम मिळतो हा गैरसमज आहे. झटके सर्वांत जास्त तिथेच बसतात. घाटात तर 10-12 च्या वेगाला आडोशाचा उपयोग जवळपास नाहीच.

हळू चालवणं वाया जात नाही. पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल अशा दमाने दोन-अडीच तास चालवलं की स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशींत ऊर्जा तयार करणारे भाग) वाढतात, चरबी जाळायची क्षमता येते. पुढचे इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, मग हळू असा सराव) याच पायावर उभे राहतात. पहिले चार आठवडे: सुरुवातीला मंगळवार-गुरुवार तासभर, शनिवारी दीड, रविवारी दोन तास. दर आठवड्याला एकूण वेळ दहा टक्क्यांच्या आसपास वाढवा, चौथ्यात कमी करा. ऑक्टोबरच्या उकाड्यात तेवढ्याच मेहनतीला नाडी जास्त दाखवते, म्हणून नाडी मोजणाऱ्या घड्याळापेक्षा श्वासावर भरवसा ठेवा.

मोठ्या गिअरचा सल्ला सगळ्यात घातक. तेवढेच वॅट 85 ऐवजी 55 कॅडेन्सला (मिनिटाला पेडलचे फेरे) काढायचे तर पेडलवरचा जोर दीडपटीहून जास्त होतो. दम दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी सावरतो, पण गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनला (स्नायूबंधाला) त्याहून बराच वेळ लागतो. म्हणून पाय 'जमतंय' म्हणतात तेव्हाच दुखापत होते. पुण्याजवळच्या बोपदेव, कात्रज घाटात पुढे 34 दात्यांची, मागे 32 दात्यांची चकती लावा. 85 कॅडेन्सला साधारण 11 चा वेग मिळतो. मागे सर्वांत मोठी चकती 28 चीच असेल तर कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदला, पण आखूड केजच्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 32 बसेलच असं नाही. आधी मेकॅनिकला दाखवा, चेनची लांबीही तपासून घ्या.

सुटण्यातून शिकाल म्हणे. हायवेवर एकटं, ट्यूब-पंप नसताना, पाणी संपलेलं, यातून काहीच शिकायला मिळत नाही.

फास्ट ग्रुप वाईट नाही, चाक धरायला तिथेच शिकता येतं. पाचव्या-सहाव्या आठवड्यात जा, आठवड्यातून एकदाच, आणि कुठून परतणार ते निघतानाच सांगा. मधल्या भागात राहा. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने ओव्हरलॅप होऊ देऊ नका. चाकं घासली की पडतो तो मागचा. पुढे यायची पाळी आली की मीटरवर आधीचाच वेग धरा. उत्साहात दोन किलोमीटरने वाढवलात की मागे फट पडते. वीस-तीस सेकंद झाले की मागे बघून बाजूला व्हा, हळूहळू मागे सरका, आणि शेवटून दुसरा सायकलस्वार बरोबरीला येताच पेडलवर पुन्हा जोर आणा. शेवटचा निघून गेल्यावर जोर लावाल तर पाच मीटरची फट भरतानाच पाय भरून येतात, आणि नवा माणूस बहुतेक वेळा इथेच सुटतो.