‘चालत्या गाडीची चाकं काढून नेली’: आमच्या चॅट सॉफ्टवेअरवरच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही आम्हाला एक तारा दिलात आणि लिहिलंत, ‘अपग्रेडच्या नावाखाली चालत्या गाडीची चाकं काढून नेली आणि वर रंग मारून दिला.’ प्रत्येक माणसाची वेगळी विंडो गेली, घंटी गेली, जुने मेसेज सापडत नाहीत, नेट गेलं की चॅटही जातं, या तुमच्या चार तक्रारी. चारही खऱ्या आहेत. ‘दरवर्षी पैसे उकळायला हे केलं’ असंही शेवटी म्हटलंय, त्यावर खाली बोलतो. तिथं माझं तुमच्याशी पूर्ण जमत नाही.

अभिप्राय वाचला आणि सोमवारी मी स्वतः शिरोली एमआयडीसीत तुमच्या फाउंड्रीत येऊन गेलो. तुम्ही रजेवर होता. लॅबमध्ये तुमच्या हाताखालच्या मुलानं मला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाला, ‘बघा आता.’ भट्टीवरून नमुना आला, त्यानं तो घासला, धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोवर ठेवला, रीडिंग आलं आणि त्यानं कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे आकडे भट्टीच्या पॅनलवर पाठवले. मग आम्ही दोघं पॅनलपाशी गेलो. स्क्रीनवर सगळ्यात वर कॅन्टीनचा मेसेज, खाली सुट्ट्यांची यादी, त्याखाली सेफ्टीवाल्यांनी पाठवलेला हेल्मेटचा फोटो. लॅबचे आकडे सहाव्या ओळीत. ऑपरेटर बिचारा बोटानं खाली सरकवत शोधत होता, आणि भट्टीत लोखंड चौदाशे अंशांच्या वर तापत उभं होतं. ते काही चहा नाही, झाकून ठेवला आणि मग प्यायला. मीटर पळतोय, कार्बन जळतोय, जास्तच उशीर झाला तर नमुना परत घ्यायचा. हे सगळं मला माहीत असायला हवं होतं. अकरा वर्षं तुमच्याकडे येतोय मी, पण बहुतेक वेळा आयटीच्या खोलीत बसून चहा पिऊन परत गेलोय.

जुन्यात काय होतं? पॅनलच्या स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात फक्त लॅबची विंडो, कायम उघडी. दुसऱ्या कुणाचा मेसेज तिच्यात येणं शक्यच नव्हतं. ही सोय आम्ही मुद्दाम काढली नाही. ती आमच्या ध्यानातच आली नाही. जुना प्रोग्रॅम फक्त कॉम्प्युटरसाठी लिहिलेला होता. नवा एकदाच लिहून फोनवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे चालवला. फोनला स्क्रीन एकच, त्यामुळे आखणी एकाच विंडोची झाली आणि फोनची सवय कॉम्प्युटरच्या माथी बसली. मोठ्या कंपन्यांचंही असंच होतं. मायक्रोसॉफ्टचं टीम्स २०१७ साली आलं आणि त्यात चॅट वेगळ्या विंडोत काढायची सोय २०२० मध्ये मिळाली. आधीच्या स्काइप फॉर बिझनेसमध्ये ती पहिल्यापासून होती. हे सांगून मी सुटत नाही. उलट दुसऱ्याच्या ठेचेवरून आम्ही शहाणे व्हायला हवं होतं.

आता घंटीचं, म्हणजे दाबलं की समोरच्याची विंडो हलवणाऱ्या त्या बटणाचं. यात पूर्ण चूक माझी आहे. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवताना आम्ही सर्व्हरवर मोजलं, कोणतं बटण दिवसाकाठी किती वेळा दाबलं जातं. घंटी यादीत तळाला होती. ऑफिसमधला एक पोरगा म्हणाला, ‘सर, हे याहू मेसेंजरच्या जमान्यातलं आहे.’ मी हसलो आणि ‘काढून टाक’ म्हणालो. याहू मेसेंजर २०१८ च्या जुलैत बंद झालं, त्याच्यासोबत घंटीही जावी असं त्या क्षणी वाटलं खरं. पण तुमच्याकडे साचा फोडून ओतीव बाहेर काढणारं नॉकआउट मशीन चालू असताना शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं मेसेजची टिंग कोण ऐकणार? विंडो गदागदा हलली तर मात्र मान वर करून बघतात. दिवसातून चारदाच दाबत असाल, पण ते चार वेळा कोणते, हे आमच्या मोजणीत कुठं दिसणार होतं? क्रेनचा भोंगा दिवसात किती वेळा वाजतो हे मोजून कुणी तो काढत नाही. आम्ही काढला.

जुन्या मेसेजबद्दल एक दिलासा आधीच देतो. काहीही पुसलं गेलेलं नाही. जुना प्रोग्रॅम प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर, प्रत्येक माणसाच्या नावानं साध्या टेक्स्ट फाइल ठेवत असे. प्रोग्रॅम काढला तरी तो फोल्डर राहतो. तुमच्या कॉम्प्युटरवर तो आहे हे मी फक्त पाहिलं, आतल्या फाइल उघडल्या नाहीत. २०१६ पासूनच्या आहेत. हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या एकेका वितळणीचा नंबर, टाकून तुम्ही जे शोधत होता, ते त्यातलंच. नव्यात मेसेज सर्व्हरवर राहतात आणि १८० दिवसांनी जातात. हा १८० चा आकडा आम्हीच, कुणालाही न विचारता घातला. गाड्यांचे सुटे भाग ओतणाऱ्या फाउंड्रीत सहा महिन्यांपूर्वीच्या हीटबद्दल प्रश्न येतोच येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. फक्त एक बारीकशी टोचणी लावतो, राग मानू नका. आयएटीएफ १६९४९ च्या, म्हणजे गाड्यांच्या भागांच्या गुणवत्तेच्या मानकाच्या, ऑडिटला चॅटवर विसंबू नका, हीट रजिस्टर ते हीट रजिस्टर. चॅट फक्त पान लवकर सापडायला.

नेटबद्दल तुमचं वाक्य मी ऑफिसच्या फळ्यावर लिहून ठेवलंय: ‘लॅब ते भट्टी चाळीस पावलं, आणि मेसेज मुंबईला जाऊन येतो.’ शब्दशः खरं आहे. जुना सर्व्हर तुमच्याच आवारात होता. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी आतल्या आत चॅट चालायचं. नवा सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे.

मग बदललंच कशाला? जुना सर्व्हर ओपनफायर या चॅट सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर चालायचा. २०२३ च्या मे महिन्यात त्याच्या अॅडमिन पानात एक भगदाड जाहीर झालं. पासवर्ड नसताना बाहेरचा माणूस आत शिरू शकेल असं. २०१५ पासूनची व्हर्जन त्यात मोडत होती, तुमचंही. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमच्या कंपनीनं कॉम्प्युटर बदलायला घेतले, तेव्हा सगळं एकदमच करू असं ठरलं. तुम्ही विचाराल, ओपनफायरचं दुरुस्त केलेलं व्हर्जन टाकून भागलं नसतं का? भागलं असतं. त्या महिन्यातच ते आलं होतं, आणि तात्पुरतं आम्ही टाकलंही होतं.

इथं पैशाचा विषय येतो. तुमच्या मॅनेजमेंटला चॅट फोनवर हवं होतं, कारण मार्केटिंगची माणसं चाकणला आणि गाड्यांसोबतची माणसं रस्त्यावर असतात. ही मागणी तुमच्याकडून आली, आमच्याकडून नाही. बदलाबद्दल आम्ही दोनदा ईमेलही पाठवले. ते अकाउंट्सच्या पत्त्यावर गेले आणि बिलांच्या ढिगात पडले, हे मला सोमवारी कळलं. तुमच्यापर्यंत कुणी पोचवलंच नाही, त्यामुळे तुम्हाला ते रात्रीतून लादल्यासारखं वाटलं तर नवल नाही. पण ‘उकळायला’ हा शब्द मला लागला. जुन्यात एकदाच पैसे आणि पुढे भेटीचे, नव्यात माणशी वर्षाला. आमच्यासारख्या नऊ जणांच्या ऑफिसला दरवर्षी येणारा पैसा हवाच असतो, आणि तेही बदलामागचं एक कारण होतं. ते मी नाकारत नाही. त्या पैशात तुमची घंटी काढून घेणं मात्र बसत नव्हतं.

आता काय करतोय ते. घंटी परत आली आहे, अपडेट टाकलं की दिसेल. वेगळ्या विंडोचं काम चालू आहे, पहिली चाचणी तुमच्या लॅबच्या आणि भट्टीच्या कॉम्प्युटरवरच करू, आमच्या शांत एसी खोलीत नाही. १८० दिवसांची मर्यादा काढली, किती ठेवायची ते तुम्ही सांगा. तुमच्या आवारात छोटा सर्व्हर बसवून देतो, म्हणजे नेट गेलं तरी आतलं चालेल. जुना एखादा पीसी तुम्ही द्या, आमच्या कामाचे पैसे नाहीत.

एक गोष्ट मात्र जमणार नाही. तुम्ही लिहिली नव्हतीत, पॅनलवरच्या मामांनी सांगितली. ‘पूर्वी हिरवा ठिपका म्हणजे माणूस जागेवर. आता सगळेच हिरवे, आणि जागेवर कुणीच नाही.’ फोन खिशात असला की तो हिरवाच दाखवतो, आणि बॅटरी वाचवायला फोननं अॅप झोपवलं तर जागेवर बसलेला माणूसही राखाडी होतो. फोनवर तो ठिपका पूर्वीसारखा खरा बोलेल असं वचन मी देत नाही. कॉम्प्युटरपाशी बसलेल्यांसाठी ‘टेबलावर’ अशी वेगळी खूण करतोय, तिच्यात फोन धरला जाणार नाही.

विंडोचं काम होईपर्यंत फक्त लॅब आणि भट्टी या दोन कॉम्प्युटरवर जुना प्रोग्रॅम, दुरुस्त केलेल्या सर्व्हरसह, परत लावून देतो. गुरुवारी सकाळी पहिली हीट लागायच्या आधी आमचा मुलगा पोचेल. लॅबच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणाकडे असतो तेवढं गेटवर सांगून ठेवा ताई, सोमवारी त्यातच माझा पाऊण तास गेला.